घर दोघांचं, बिल कुणाच्या नावावर?

(अंधेरी पूर्वेतल्या एका झोपडपट्टी पुनर्वसन इमारतीत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

सगळ्यांना नव्या घराची मुबारकबाद.

तुमच्यापैकी अनेकांनी मधली वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली. सामान तीन-तीनदा बांधलं, मुलांच्या शाळा सांभाळल्या. आता स्वतःच्या दारावर स्वतःची पाटी लागली आहे. मला सांगितलेला विषय अगदी साधा आहे: नव्या घरात फोन आणि इंटरनेट कसं घ्यावं. येताना लिफ्टजवळ बघितलं, कंपन्यांची पत्रकं चिकटवायला सुरुवात झालीच आहे. पहिला महिना मोफत, राउटर मोफत. कुठला प्लॅन स्वस्त, हे त्या पत्रकांवर वाचता येईल. मी त्याच अर्जावरच्या एका ओळीबद्दल बोलणार आहे. ती ओळ म्हणजे 'अर्जदाराचं नाव'.

आधी एक प्रश्न विचारते. इथे पुढे बसलेल्या बायकांपैकी कुणाच्या नावावर लाइटचं मीटर आहे? … दोन हात. गॅस? … थोडे जास्त. आणि तुमच्या हातात आत्ता जो मोबाइल आहे, त्यातलं सिमकार्ड तुमच्या स्वतःच्या नावावर आहे, असं खात्रीने किती जणी सांगू शकतील? … बघा, आता एकमेकींकडे बघताय. माहीतच नाही. नवऱ्याने आणून दिलं, भावाने आणून दिलं, मुलाने आणून दिलं.

आता दुसरी गोष्ट. ज्या घरात तुम्ही राहायला आलात ते घर कुणाचं? मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनाचा ३३(१०) हा नियम आहे. त्यात पुनर्वसनाचं घर झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार, दोघांच्या संयुक्त नावावर द्यायचं असं लिहिलेलं आहे. घराचं क्षेत्रफळ आधी २२५ चौरस फूट होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. भांडणं झाली ती फुटांवरून. पण दोन नावांचा हा नियम आपल्या बायकांच्या दृष्टीने फुटांपेक्षा मोठा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ताबा मिळाला की ती फाइल कपाटात जाते. रोजच्या जगण्यात जे कागद बाहेर दाखवायचे असतात, म्हणजे लाइटचं बिल, गॅसचं बिल, फोनचं बिल, त्यांवर एकच नाव येतं. घर दोघांचं आणि घराचा पुरावा एकाचा, असं होऊन बसतं.

कुणी म्हणेल, ताई, बिल हे बिल असतं, पैसे भरायचा कागद. तसं नाही. थोडं मागे जाऊन सांगते.

माझं बालपण घाटकोपरच्या चाळीत गेलं. महानगर टेलिफोन निगम, म्हणजे एमटीएनएल, १९८६ साली मुंबई आणि दिल्लीसाठी सुरू झालं. त्या काळात फोनसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. लवकर हवा असेल तर 'ओन युवर टेलिफोन' या योजनेत जास्त अनामत भरायची. आमच्या चाळीत एकाच घरी फोन होता. तोच नंबर सगळ्यांचा. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या कार्डावर नंबर छापायचा आणि पुढे कंसात 'पीपी' लिहायचं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा. वयस्कर मंडळींना आठवत असेल.

त्या पीपीवर माझ्या अम्मीला गावाहून फोन यायचा. ती ओल्या हातांनी धावत जायची, दुसऱ्याच्या दिवाणखान्यात उभी राहायची, आणि घरचे सगळे ऐकत असताना बोलायची. "हो", "बरं", "ठीक आहे", एवढंच. परत आली की चेहऱ्यावरून कळायचं की जे सांगायचं होतं ते राहून गेलं. फोन दुसऱ्याचा असला की बोलणंही अर्धंच होतं.

मग दिवस पालटले. पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच साली मोबाइल आला. सुरुवातीला आपल्याला आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे, २००३मध्ये ते थांबलं. २०१६नंतर डेटा इतका स्वस्त झाला की फोनसाठी रांग लावावी लागायची हे आजच्या मुलांना पटत नाही. प्रतीक्षायादी संपली. पण आमच्या अम्मीच्या पिढीची ती दुसऱ्याच्या फोनवर बोलण्याची गोष्ट संपली का? माझ्या मोठ्या बहिणीवर आलेली वेळ सांगते. आम्ही तिला आपा म्हणतो.

आपाचं लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती. दोन मुलं. घरात वायफाय होतं, हातात चांगला फोन होता. सगळं भावोजींच्या नावावर, आपाचं सिमकार्डसुद्धा. तिचं बँकेत खातं होतं, शिवणकामाचे पैसे त्यात जमा व्हायचे, आणि खात्याला जोडलेला नंबर तोच होता. २०२०च्या लॉकडाउनमध्ये घरातली भांडणं विकोपाला गेली. भावोजी निघून गेले. एक दिवस सकाळी आपाच्या फोनवर नेटवर्कच नाही. त्यांनी ते सिम बंद करून टाकलं होतं. नाव त्यांचं होतं, अर्ज त्यांचा होता. कंपनीच्या दृष्टीने त्यात चुकीचं काहीच नव्हतं. चार दिवसांनी वायफायही गेलं.

एका सिमकार्डाबरोबर काय काय गेलं बघा. बँकेचा ओटीपी येईना, म्हणून स्वतःच्या कष्टाचे पैसे काढता येईनात. मुलांची शाळा त्या वेळी मोबाइलवर होती, ती बंद पडली. गिऱ्हाइकं जुन्या नंबरवर फोन करत राहिली. नवीन सिम घ्यायला दुकानात गेली तर आधार कार्डावर पत्ता माहेरचा, लग्नाच्या आधीचा. बँकेत गेली तर म्हणाले, सध्याच्या पत्त्याचा पुरावा आणा. आपाने लाइटचं बिल दिलं. "यावर तुमचं नाव कुठे आहे?" चौदा वर्षं ज्या घरात राहिली, त्या घरात ती राहते हे सांगणारा एकही कागद तिच्याकडे नव्हता. शेजारणी ओळखत होत्या, दूधवाला ओळखत होता, कागद ओळखत नव्हते.

म्हणून मी बिलाला फक्त बिल म्हणत नाही.

आता हे कागद कुठे चालतात ते नीट ऐका. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमांत सांगितलं आहे की तुमच्या ओळखपत्रावर सध्याचा पत्ता नसेल, तर दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीज, टेलिफोन, पोस्टपेड मोबाइल, पाइप गॅस किंवा पाण्याचं बिल तात्पुरतं चालतं. नंतर तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं ओळखपत्र द्यायचं. पासपोर्टच्या अर्जालाही लँडलाइन किंवा पोस्टपेड मोबाइलचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून देता येतं. तुमच्यासारख्या कुटुंबांना तर याची आत्ता लगेच गरज आहे, कारण तुमच्या आधारवर ज्या झोपडीचा पत्ता आहे ती झोपडी आता जमिनीवरच नाही.

स्वतःच्या नावाचा कागद नसेल तर दुसरी वाट आहे. जानेवारी २०२३मध्ये आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या आधारे पत्ता बदलण्याची सोय आली. सोय चांगली आहे, पण ती चालते कुटुंबप्रमुखाच्या संमतीवर. नातं गोडीचं असेल तोवर ही संमती दोन मिनिटांचं काम असतं. नातं बिघडलं की तीच संमती कुलूप होते, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते.

लाडकी बहीण योजनेचं २०२५ सालचं ई-केवायसी आठवा. लाभार्थी बाईबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली. ज्यांचे पती आणि वडील दोघंही हयात नाहीत, किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्या बायकांचं काम तिथेच अडलं. नंतर मुदत वाढवावी लागली, त्यांच्यासाठी वेगळी वाट काढावी लागली. पैसे बाईचे आणि ओटीपी पुरुषाच्या फोनवर, ही तऱ्हा केवळ आपल्या घरातली नाही, सरकारी कामातही तीच आहे.

आकडे सांगते. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायला मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलं आहे असं सांगणाऱ्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आणि हा हिशेब फक्त वापराचा आहे. नावावर किती, हे विचारलं तर आत्ता इथे वर झालेले हात आठवा.

मुलींचं इंटरनेट म्हटलं की आपल्याकडे लगेच काळजीचा सूर लागतो. काळजी असावी. पण केरळमधल्या एका मुलीची गोष्ट सांगते. फहीमा शिरीन, कोळिकोड जिल्ह्यातल्या कॉलेजची बीएची विद्यार्थिनी. वसतिगृहात नियम होता, संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल जमा करायचा. तिने ऐकलं नाही, तर तिला वसतिगृहातून काढलं. ती हायकोर्टात गेली. १९ सप्टेंबर २०१९ला केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घ्यायला सांगितलं. एका विद्यार्थिनीने फोन मागितला आणि त्यातून निकाल उभा राहिला. आपल्याला कोर्टात जायचं नाही. फक्त एक अर्ज नीट भरायचा आहे.

तर आता अर्जाकडे येऊ.

पहिलं, नावं वाटून घ्या. एका कनेक्शनवर एकच नाव येतं. लाइटचं मीटर नवऱ्याच्या नावावर असेल तर इंटरनेट आणि फोन बायकोच्या नावावर घ्या. मीटर तिच्या नावावर असेल तर उलटं करा. दोघांच्या हातात एकेक जिवंत कागद राहील.

दुसरं, बिल मिळतं का ते विचारा. प्रीपेडला महिन्याचं बिल येत नाही, मग पुराव्याचा प्रश्न तिथेच संपला. फायबरबरोबर लँडलाइनचा नंबर देत असतील तर तोही घ्या. नुसतं इंटरनेटचं बिल टेलिफोनचं बिल म्हणून घ्यायला एखादा कारकून नाही म्हणू शकतो. आणि बिल ज्या ईमेलवर येणार तो ईमेल तिचा हवा, ज्या नंबरवर ओटीपी येणार तो नंबर तिचा हवा. नाहीतर नाव तिचं आणि किल्ली परत दुसऱ्याकडेच.

तिसरं, पत्ता. सोसायटीच्या किंवा ताब्याच्या पत्रावर जसा आहे तसाच लिहा. विंग, मजला, खोली क्रमांक, पिनकोड. माणूस टॅबवर घाईघाईने काहीतरी टाइप करतो, आपण बघत नाही, आणि पहिल्या बिलावर विंग चुकलेली असते. ते बिल मग कुठेच चालत नाही.

जे इथे भाड्याने राहायला आले आहेत त्यांच्यासाठी: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार करताना नवरा-बायको दोघांची नावं घाला. त्यासाठी वेगळा पैसा पडत नाही.

चौथं, सिमकार्ड. 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते बघता येतं. आज रात्री प्रत्येकीने बघा. हातातला नंबर त्या यादीत नसेल तर तो तुमचा नाही. नवरा-बायकोत नंबर नावावर करून घेता येतो, पण ज्याच्या नावावर आहे त्याची संमती लागते. म्हणून हे काम आज करा, सगळं गोडीत आहे तोवर.

आता वायरीचं. फायबर म्हणजे काचेचा तंतू, त्यातून प्रकाश येतो. तो चेपला किंवा फार वाकवला की प्रकाश गळतो. खिडकीच्या सरकत्या काचेत वायर दाबू देऊ नका, थोडी जास्तीची गुंडाळी ठेवायला सांगा. पेटीवर लाल दिवा लागला तर घरापर्यंत प्रकाश पोचत नाही असं समजा. राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, तक्रार नोंदवा. ३०० फुटांच्या घराला एक राउटर पुरे. माळ्यावर लपवू नका, मोकळ्यावर ठेवा. आणि लक्षात ठेवा, जुन्या तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, घरात अंधार असला तरी तो वाजायचा. फायबरचा फोन घरातली वीज गेली की गप्प होतो. अडचणीच्या वेळी ११२ लावायला चार्ज असलेला मोबाइल हवाच.

सोसायटीच्या कमिटीलाही एक विनंती. एकाच केबलवाल्याला इमारत देऊन टाकू नका. ट्रायने जानेवारी २०१७मध्येच शिफारस केली होती की इमारतीत एकाच कंपनीचा मक्ता असू नये. दोन-तीन कंपन्या आल्या तर दरही सुधारतात, कामही.

तक्रार करताना नुसता फोन करून थांबू नका, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तिथे काम झालं नाही तर कंपनीतच अपील प्राधिकरण असतं. तिथेही नाही झालं तर ग्राहक आयोग आहे. पूर्वी फोनच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं सांगून परत पाठवायचे. १६ फेब्रुवारी २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटवला, चालतात. पण तक्रार कोण करणार? ज्याच्या नावावर कनेक्शन आहे तो ग्राहक. पुन्हा तीच ओळ.

एक अडचणीची बाजूही सांगते, लपवत नाही. नाव तिचं म्हणजे जबाबदारीही तिची. बिल थकलं तर नोटीस तिला. त्या वायफायवरून कुणी फसवणूक केली तर पोलीस आधी तिच्या दारात येतील. म्हणून पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, अख्ख्या मजल्याला वाटू नका. आपलं सिम दुसऱ्याला वापरायला देऊ नका. आणि बिल कोण भरणार हे घरात बसून ठरवा. नाव तिचं आणि पैसे दोघांचे, यात काही गैर नाही.

मघाशी मागून एक भाऊ म्हणाले, "ताई, हे सगळं घर मोडण्याची तयारी केल्यासारखं वाटतं." मला त्यांचा राग नाही. पण भाऊ, आपल्याकडे निकाहनाम्यात मेहरची रक्कम लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. ते काय घर मोडायची तयारी म्हणून? लिहिलेलं असलं की दोघंही निश्चिंत राहतात. आणि बायको परकी होते तेव्हाच हे उपयोगी पडतं असं नाही. उद्या तुम्ही दुबईला कामाला गेलात, आजारी पडलात, अल्लाह न करो पण काही बरंवाईट झालं, तर मागे जी उरेल तिच्या फोनवर ओटीपी यायला हवा. ज्याचं घरावर प्रेम आहे त्याने हे आधी करावं.

आपाचं पुढे काय झालं, विचारताय. घर शेवटी तिच्याकडे राहिलं. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सांगतो की घर कुणाच्याही नावावर असो, बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. पण तिथे राहते हे दाखवायला शेजारणींची पत्रं, मुलांच्या शाळेचे दाखले गोळा करत सात महिने गेले. त्यानंतर तिने पहिली गोष्ट काय केली असेल? नवीन वायफाय घेतलं, स्वतःच्या नावावर. पहिलं बिल आलं ते तिने मला दाखवायला आणलं. ६०० रुपयांच्या आसपासचं बिल, पण तिने ते घडी न करता प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवलं होतं.

खाली टेबलावर आपल्या दोन कार्यकर्त्या बसल्या आहेत. अर्ज भरायला, संचार साथीवर नंबर बघायला त्या मदत करतील. येताना आधार आणि ताब्याचं पत्र घेऊन या. दोघं मिळून या.